कॉटन आहे, पण वाळलंय का?

आजचा विषय ऐकायला अगदी घरगुती आहे. चिकचिकीच्या दिवसांत कुठलं कापड घालायचं आणि ते सांभाळायचं कसं. हा विषय का घेतला ते आधी सांगतो, कारण ते सांगायला मला दोन वर्षं लागली. मला गजकर्ण झालं होतं. कंबरेभोवती आणि जांघेत. तुम्ही हेडफोन लावून ऐकताय ना, मग लाजू नका, मीही लाजत नाही आता.

मी सोलापूरचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, पण हवा कोरडी. गच्चीवर शर्ट टाकून खाली येऊन चहा प्यायचा, परत वर जायचं, शर्ट पापडासारखा कडक. कपडे वाळवणं हे काही काम आहे, असं मला बी.टेक. होईपर्यंत कधी वाटलंच नव्हतं. मग ठाण्यात नोकरी लागली. तिथलं तापमान बघितलं, ३३. मनात म्हटलं, हे तर काहीच नाही. पहिल्याच आठवड्यात लोकलमधून उतरलो तेव्हा शर्ट पाठीला असा चिकटला होता, जशी पोस्टाची तिकिटं.

आता यात गंमत अशी की तो शर्ट शंभर टक्के कॉटन होता. सोलापुरात मला थंड ठेवणारा तोच शर्ट!

इथे जरा इंजिनिअरगिरी करतो, सहन करा. घाम येण्यानं शरीर थंड होत नाही, घाम वाळण्यानं होतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ठिबकून खाली पडला तर काहीच नेत नाही, नुसतं पाणी वाया. आणि हवेतच आधीपासून बाष्प भरलेलं असेल तर घाम वाळणार कुठे? म्हणून कोरड्या हवेतले ४२ सोसवतात आणि दमट हवेतले ३३ जीव काढतात.

आता कापड. साधारण हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरून असतो. पॉलिस्टर ०.४ टक्के. म्हणजे पॉलिस्टर घाम पितच नाही, तो अंगावरच राहतो. कॉटन पितं. इथपर्यंत आपल्या सगळ्यांना माहीत असतं. पण प्यायलेलं पाणी सोडणार कधी, हे कुणी विचारत नाही. जाड कॉटन दमट हवेत ते सोडतच नाही. जीन्ससुद्धा कॉटनच असते बरं का! जुलैमध्ये ओली जीन्स म्हणजे अंगाला गुंडाळलेलं ओलं पोतं.

आणि मी नेमकं तेच घालत होतो. चार जणांचा फ्लॅट, रात्री अकराला मशीन लावायचं, खोलीतल्या दोरीवर एकावर एक कपडे, सकाळी साडेसातला निघायचं. जीन्स वरून वाळलेली असायची. कंबरेची पट्टी आणि खिसे दमट. अंगावर वाळेल की, असं म्हणून घालायची आणि वर दहा तास खुर्चीत बसायचं. खाज सुटली तर मेडिकलमधून एक ट्यूब आणली. काउंटरवरच्या माणसानं कसली खाज, कुठे, काहीच विचारलं नाही, मीही खालच्या आवाजात ‘खाजेचं क्रीम’ एवढंच म्हटलं. दोन दिवसांत खाज गायब! मी खूश. आठ दिवसांनी चट्टा दुप्पट. परत ट्यूब. असे दोन महिने घालवले.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ट्यूब बघितली, म्हणाल्या, यात स्टेरॉइड आहे. खाज आणि लाली दबते, बुरशी आत वाढतच राहते. मग विचारलं, “जीन्स पूर्ण वाळते का तुमची? टॉवेल कोण कोण वापरतं?” दुसऱ्या प्रश्नाला मी गप्प. फ्लॅटवर दोन टॉवेल फिरत होते, कुणाचा कुठला ते देवाला माहीत.

घरी येऊन रूममेटला सांगायचं होतं. अर्धा तास नुसता क्रिकेटवर बोललो. मग एकदाचं बोललो. तो म्हणाला, “अरे भावा, मला पण आहे. तीन महिने झाले.” त्याच्या कपाटात तीच ट्यूब. एकाच खोलीत दोघं एकमेकांपासून लपवत होतो आणि एकमेकांना देतही होतो!

दोघांनाही औषध बरेच आठवडे घ्यावं लागलं. चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं. तुम्हाला असं काही असेल तर मेडिकलच्या काउंटरवर नाही, डॉक्टरांकडे जा. पण त्यानंतर जे बदललं ते कपड्यांत बदललं, आणि आज मला तेच सांगायचंय.

खरेदी. आता लेबलावर ‘कॉटन’ दिसलं की मी थांबतो आणि पुढचं वाचतो. ‘कॉटन रिच’, ‘कॉटन फील’, ‘कॉटन ब्लेंड’ ही सगळी गोड भाषा आहे, टक्के किती ते बघा. मग कापड उजेडासमोर धरायचं. विणीतून उजेड आला पाहिजे. दुसरं, कापड तोंडाशी धरून फुंकर मारायची आणि मागे हात धरायचा. हाताला हवा लागली तर उत्तम. दुकानदार विचित्र नजरेनं बघतो, बघू दे. मलमल, केंब्रिक, पातळ खादी, हातमागाचं सुती हे यात पास होतात. लिनन महाग पडतं आणि चुरगळतं, पण ताठ असल्यामुळे अंगाला चिकटत नाही आणि लवकर वाळतं. रेयॉन, म्हणजे व्हिस्कोज, दुकानात हाताला मऊ नि गार लागतं आणि आपण फसतो. ते पाणी भरपूर पितं, ओलं झालं की जड होतं, कमकुवत होतं, वाळायला वेळ लावतं. फेब्रुवारीत घाला.

पॉलिस्टरला मी सरसकट शिव्या देणार नाही. पळायला जाताना ड्राय-फिट चांगलं, तासाभरात काढून लगेच धुणार असाल तर. दिवसभर ऑफिसात तेच घालून बसू नका. आमच्या कंपनीनं दिलेला टी-शर्ट मी आता लॅपटॉप पुसायला वापरतो.

मापाचंही बघा. एक नंबर सैल. अंग आणि कापड यांच्यामध्ये हवा खेळली पाहिजे. मी आता कापड मीटरवर घेऊन शर्ट शिवून घेतो. ३६ इंच पन्हा असेल तर थोडं जास्तच घ्या, आणि टेलरकडे टाकायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवा. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, मग शर्ट धाकट्या भावाचा होतो. शुद्ध सुती आहे का ही शंका असेल तर कापडाच्या कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळा. कागदासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सुती. वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर. शिलाईचा दोरा जाळू नका, तो बहुतेकदा पॉलिस्टरचाच असतो. मी तो जाळून एका भल्या दुकानदाराशी भांडून आलोय.

आता धुणं. पावडर कमी. जास्त पावडर नीट निघत नाही, कापड चिकट होतं. फॅब्रिक सॉफ्टनर मी बंद केलं, कारण त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड घाम प्यायचं सोडतं, टॉवेलचं तर वाटोळंच. पावसाळ्यात मशीनचं स्पिन दोनदा लावतो. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कंबर वर करून टांगतो. दोन कपड्यांत वीतभर अंतर, समोर पंखा. अंतर्वस्त्रं आणि मोजे आधी, जागा उरली तर बाकीचं. आणि शेवटी इस्त्री, विशेषतः पट्टीवर आणि शिवणींवर. सुती कापडाला कडक इस्त्री चालते, पॉलिस्टरला मंदच, नाहीतर चकाकी येते.

वाळलंय की नाही हे कसं कळणार? आईला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती आधी पाच मिनिटं रागावली, मला आधी का नाही सांगितलंस म्हणून. मग म्हणाली, “बोटांना कळत नाही रे, गालाला लावून बघ.” बरोबर आहे. दमट कपड्यातलं पाणी वाळताना गालाची उष्णता घेतं, म्हणून गार लागतं. माझ्या थर्मोडायनॅमिक्सच्या सरांनी हे असं शिकवलं असतं तर माझा बॅकलॉग राहिला नसता.

कपाटाचं थोडक्यात सांगतो. गालाची परीक्षा पास झाल्याशिवाय कपडा आत ठेवायचा नाही, एक दमट शर्ट अख्ख्या कप्प्याला कुबट वास लावतो. ओल येणाऱ्या भिंतीला कपाट टेकवू नका. लग्नातला रेशमी कुर्ता मी प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये ठेवला होता, ऑगस्टमध्ये काढला तर पांढरी बुरशी. रेशीम जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळा आणि कोरड्या दिवशी बाहेर काढून घडी बदला.

आता आमच्या फ्लॅटवर चार टॉवेल आहेत, चार रंगांचे. माझा निळा. बरं, मशीन वाजलं, ऐकू आलं असेल तुम्हाला. पाऊस सुरू आहे आणि दोरीवर एकच जागा शिल्लक आहे, रूममेटच्या आधी जायला हवं. भेटू पुढच्या भागात.