जूनची वर्गणी



 पदवीधरांनो, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी यंत्रमागावर पाळी करून दुपारचा तास गाठला आहे. कितीतरी जणींनी आईशेजारी बसून विड्या वळल्या आणि उरलेल्या वेळात पेपरची तयारी केली. ही पदवी तुमच्या कष्टाची आहे. तिच्यात इतरांचाही वाटा आहे, आणि आज मला त्या वाट्याविषयी बोलायचं आहे.

विडी कामगाराच्या घरातल्या मुलाला शिष्यवृत्ती म्हणजे काय हे शाळेतच कळतं. 1976 साली केंद्र सरकारने विडी कामगार कल्याण निधीचा कायदा केला. विडीवरच्या उपकरातून दवाखाने निघाले, घरकुलांना मदत झाली आणि मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आईने दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या, त्या विड्यांमागे काही पैसे बाजूला निघायचे आणि ते तिच्याच किंवा शेजारणीच्या पोराच्या वह्या-पुस्तकांपर्यंत पोचायचे. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा हा उपकर गेला. शिष्यवृत्ती बंद पडली नाही, ती आता सरकारच्या तिजोरीतून येते. पण विडी वळणारा हात आणि शिकणारं पोर यांच्यातला तो सरळ धागा तुटला. मला त्याची रुखरुख आहे, कारण शिकणाऱ्या मुलाला आपलीच माणसं आपल्याला शिकवताहेत हे दिसणं फार मोलाचं असतं.

आपल्याकडे शिकणाऱ्या मुलाला गावाने पोसायची रीत जुनी आहे. वार लावून जेवणारा विद्यार्थी तुमच्या पणजोबांनी पाहिलेला असेल: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यातून मोठमोठे विद्वान घडले हे खरं. ती घरं आणि ती पंगत एकाच जातीच्या मुलांसाठी उघडी होती, हेही तितकंच खरं. बाकीच्यांना दार नव्हतं. म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहं उभी करायला हात दिला. आपल्या जिल्ह्यातही तेच घडलं. तेलंगणातून आलेल्या विणकरांनी पद्मशाली शिक्षण संस्था चालवली, तिच्या कुचन प्रशालेत पिढ्या शिकल्या. सुमतीबाई शहांनी श्राविकाश्रमात मुली आणि विधवा स्त्रियांना शिकवून पायावर उभं केलं. 1940 मध्ये दयानंद महाविद्यालय आलं, 1953 मध्ये संगमेश्वर. बार्शीत 1934 साली मामासाहेब जगदाळ्यांनी शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाचं काम सुरू केलं आणि ज्वारीच्या रानातली पोरं बोर्डिंगात येऊन राहू लागली.

या सगळ्यांचे उपकार मानूनच मी पुढचं बोलते. समाजासमाजाने आपापली मुलं शिकवली, ती त्या काळाची गरज होती. ज्या समाजाकडे व्यापारी होते, पेढ्या होत्या, त्यांची मुलं लवकर पुढे गेली. ज्यांच्याकडे कोणीच नव्हतं ती मुलं थांबून राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे ओळखलं होतं. साताऱ्याला 1924 मध्ये त्यांनी जे छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. गावोगाव मूठ मूठ धान्य गोळा व्हायचं. ते संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी त्यागाची म्हणून सांगितली जाते. मला त्यात आणखी एक दिसतं. पंगतीतल्या कोणत्याही पोराला आज आपण कोणाच्या मुठीतलं खातोय हे ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्याला कोणापुढे वाकावं लागलं नाही.

एकाच दात्याचा पैसा आणि अनेकांची वर्गणी यांत हाच फरक आहे. बाबासाहेब आंबेडकरांना केळुसकर गुरुजी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 साली त्याच महाराजांच्या मदतीने ते कोलंबिया विद्यापीठात गेले. सयाजीरावांचं हे ऋण देश कधी विसरणार नाही. पण त्या मदतीसाठी दहा वर्षं बडोद्याच्या नोकरीचा करार करावा लागला होता, आणि नोकरीसाठी ते बडोद्यात परतले तेव्हा अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. महाराज उदार होते, शहर नव्हतं. मुलगा शिकून परत येतो तो शहरातच येतो, म्हणून त्याच्या शिक्षणात शहराचाही हात असायला हवा.

हे शहराच्या ताकदीबाहेरचं नाही. 1905 च्या सुमारास अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत महाराष्ट्र पालथा घातला. त्या पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. 1938 मध्ये ते ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्या पथकासाठीही लोकांकडून निधी गोळा झाला होता. आणि तिकडे अमेरिकेत फॉल रिव्हर नावाचं एक गाव आहे. ते सोलापूरसारखंच कापडगिरण्यांचं, गिरण्या बंद पडत गेलेलं. तिथे चष्म्याचे नंबर काढून देणारे आयर्विंग फ्रॅडकिन नावाचे एक डॉक्टर होते. हुशार मुलं कॉलेजला जात नाहीत, कारण घरी पैसा नाही, हे ते रोज पाहत. गावातल्या प्रत्येकाने एकच डॉलर द्यावा, असं त्यांनी 1958 मध्ये सांगायला सुरुवात केली. त्या एका गिरणगावातून ही पद्धत पुढे अमेरिकेतल्या कितीतरी गावांत गेली. आपलीही जुनी मिल होती, नरसिंग गिरजी होती, लक्ष्मी-विष्णू होती. भोंगे थांबले म्हणून गाव थांबत नाही, हे त्या गावाने करून दाखवलं आणि आपणही दाखवतो आहोत.

आता आपल्याकडे अडतं कुठे ते सांगते. मी बरीच वर्षं प्रवेशाच्या टेबलामागे बसले आहे. सरकार खूप काही देतं, ते नाकारून बोलणं बरोबर नाही. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या अनेक मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. तरी फी माफ आहे असं सांगितल्यावर समोरची आई एकच प्रश्न विचारते, ‘आणि वरचे किती, मॅडम?’ वरचे म्हणजे परीक्षेचा अर्ज, प्रॅक्टिकलचं सामान, खोलीचं डिपॉझिट, मेसचा पहिला महिना आणि एसटीचा पास. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. त्या योजनेला अहिल्यादेवींचं नाव आहे, आपल्या विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. पण बारावीचा निकाल लागतो आणि तो पास संपतो. अक्कलकोटहून, मोहोळहून रोज येणाऱ्या मुलीचं पुढचं शिक्षण मग सवलतीच्या पाससाठी लागणाऱ्या पैशांवर येऊन थांबतं. मे महिन्यात निकालाबरोबर स्थळंही येतात. वडील वाईट नसतात, त्यांना हिशेब जुळत नसतो. त्या आठवड्यात घरात कोणी सात-आठ हजार रुपये आणून ठेवले, तर आईला बोलायला बळ येतं. जानेवारीत खात्यावर आलेली शिष्यवृत्ती त्या मुलीच्या कामाची नाही, तोवर ती कॉलेजच्या यादीत उरलेलीच नसते.

म्हणून आज तुमच्याकडे एक मागणं आहे. या वर्गाने, आजच्या पदवीधरांनी, आपल्या गावच्या बारावी झालेल्या मुलामुलींसाठी एक निधी काढावा. तुम्ही तीनशे जण आहात असं धरा. प्रत्येकाने महिन्याला शंभर रुपये टाकले तर वर्षाचे तीन लाख साठ हजार होतात. पहिल्या वर्षाचा वरचा खर्च बारा हजार धरला, तर तीस मुलं कॉलेजात राहतात. एवढ्यासाठी कोणत्याही शेठजींच्या दारात उभं राहायला नको. पुण्यात अच्युतराव आपट्यांची विद्यार्थी सहायक समिती 1955 पासून लोकांच्या देणग्यांवर खेड्यातल्या मुलांची राहण्याजेवणाची सोय करते आहे. तिथे जाऊन त्यांचा कारभार बघा, ते आनंदाने सांगतील.

काही गोष्टींबाबत मी आग्रही आहे. मदत घेणाऱ्या मुलाला स्टेजवर बोलावून, हातात मोठा चेक देऊन फोटो काढायचा नाही. त्या फोटोत पोराची मान खाली असते, मी पाहिलेली आहे. निवड नुसत्या टक्क्यांवर नको. नव्वद टक्के पडलेल्या मुलाला कोणीतरी देतंच, पंचावन्न टक्क्यांच्या मुलीला कोणी विचारत नाही, आणि शिक्षण सुटायची भीती तिलाच जास्त असते. ती कोण हे त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना नेमकं ठाऊक असतं, त्यांना विचारा. अर्जात जातीचा रकाना ठेवू नका. आरक्षण हा संविधानाने दिलेला हक्क आहे, त्यासाठी तो दाखला लागतो आणि लागायलाच हवा. तुमच्या वर्गणीला तो लागत नाही. तिथे शाळेचं नाव आणि घरची अडचण एवढं पुरे.

तुमच्यातले बरेच जण आता हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाल. त्या गाडीला ज्यांचं नाव आहे ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. चौघे चार समाजांचे होते आणि एकाच शहरासाठी उभे राहिले होते. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी एकच निधी असावा, असं मला वाटतं ते याच शहराच्या आधारावर.

कोणी म्हणेल, अजून नोकरीच नाही, देऊ कुठून? आज देऊ नका. पहिला पगार येईल त्या महिन्यापासून द्या. नोकरीला दोन वर्षं लागली तरी चालेल, तोवर हात द्या. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज कसा भरायचा, कोणता दाखला तहसीलमधून मेच्या आत काढून ठेवायचा, हे तुम्हाला कळतं. ज्या घरात आजवर कोणी कॉलेजात गेलं नाही, तिथे हे कोणालाच कळत नाही. अशा एका घरात जाऊन तासभर बसलात, तरी ती वर्गणीच आहे.

कामाचं सांगून थांबते. धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची रीतसर नोंदणी करा. बँकेत दोघांच्या सहीचं खातं उघडा. दर वर्षाचा जमाखर्च शाळांच्या सूचनाफलकावर लावा, म्हणजे दहा रुपये देणाऱ्यालाही तो वाचता येईल. तुमच्यातल्या पाच जणांनी आज संध्याकाळी प्राचार्यांना भेटून नावं द्यावीत, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे. शाळांना पत्रं एप्रिलमध्ये गेली पाहिजेत, यादी मेमध्ये तयार हवी आणि पैसे जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलांच्या हातात पडले पाहिजेत.