काळ्या पाण्याची पहिली सहल

मराठीत काही शब्द असे आहेत की त्यांचा अर्थ पालटला तरी त्यांची छाया पालटत नाही. ‘काळे पाणी’ हा त्यांपैकी एक. दोन पिढ्यांपूर्वी हा शब्द उच्चारला की घरातील वडीलधारी मंडळी क्षणभर गप्प होत. आज त्याच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या अंदमान बेटांवर माणसे हौसेने, पदरचे पैसे खर्चून जातात, आणि परत आल्यावर निळ्याशार पाण्याची छायाचित्रे शेजाऱ्यांना दाखवितात. शिक्षेचे ठिकाण सुटीचे ठिकाण झाले. पण अशा ठिकाणी प्रथमच जाणाऱ्या कुटुंबाने सहलीची आखणी कशी करावी, हा प्रश्न केवळ तिकिटांचा आणि सामानाचा राहत नाही.

इंदूरच्या एखाद्या मराठी घराचे उदाहरण घ्यावे. घरात सत्तरी ओलांडलेले आजोबा, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडे. समुद्र म्हणजे मुंबईस लग्नाला गेले असता चौपाटीवर पाहिला तेवढाच. वर्षभर थोडे थोडे बाजूस ठेवून पैसा जमला आहे. पुन्हा इतका केव्हा जमेल याची शाश्वती नाही. म्हणूनच चूक परवडणारी नाही.

पहिली चूक पंचांगाची होते. आपल्याकडील सुट्या दोन : एक उन्हाळ्याची आणि एक दिवाळीची. आणि अंदमानच्या सहलीस नेमक्या या दोन्ही सुट्या गैरसोयीच्या. नैर्ऋत्य मोसमी पाऊस भारताच्या मुख्य भूमीवर येण्याआधी या बेटांवर उतरतो; मे महिन्याच्या उत्तरार्धातच तेथे ढग भरून येतात. तो पाऊस सरतो न सरतो तोच परतीच्या वाऱ्यांचा पाऊस सुरू होतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळेही उठतात. वर्षाकाठी तेथे सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. समुद्र शांत आणि पाणी नितळ असावे अशी इच्छा असेल, तर जानेवारी ते एप्रिल हा काळ गाठावा. म्हणून या घराने परीक्षा संपताच, एप्रिलच्या प्रारंभी निघावयाचे ठरविले. ऊन कडक खरे. पण पावसात अडकून खोलीच्या खिडकीतून समुद्र पाहण्यापेक्षा ते बरे.

दुसरा प्रश्न मार्गाचा. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून जहाजे जातात. चेन्नईहून सागरी अंतर सुमारे 1200 किलोमीटर. प्रवासास जवळजवळ तीन दिवस लागतात. आजोबांचा ओढा जहाजाकडे होता, कारण पूर्वी बंदिवान त्याच वाटेने गेले. परंतु जहाजांच्या फेऱ्या रेल्वेसारख्या रोजच्या नाहीत आणि हवामानामुळे तारखाही मागेपुढे होतात. ज्याची रजा मोजकी आहे त्याने विमानाचाच आश्रय करावा. चेन्नईहून ते दोन-सव्वादोन तासांत पोहोचते. नकाशा पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2018 साली हॅवलॉक बेटास स्वराज द्वीप, नील बेटास शहीद द्वीप आणि रॉस बेटास नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप अशी नावे मिळाली, आणि 2024 साली पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम झाले. जुनी पुस्तके आणि बोलणारी माणसे अजून जुनीच नावे घेतात. तेव्हा दोन्ही टिपून ठेवावीत, म्हणजे घोटाळा होत नाही.

तिसरी गोष्ट घड्याळाची, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. ही बेटे त्याच्या दहा अंश पूर्वेस. म्हणजे घड्याळाच्या मानाने सूर्य तेथे सुमारे चाळीस मिनिटे आधी उगवतो व तितकाच आधी मावळतो. पहाटे पाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला अंधारू लागते. सकाळी आरामात नऊला निघणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस तेथे वाया गेलेला असतो. नातवंडांना ही वार्ता फारशी रुचली नाही. आजोबा मात्र प्रसन्न झाले, कारण चारला उठण्याचा त्यांचा परिपाठच होता.

यानंतर दिवसांची वाटणी. उत्साहाच्या भरात सहा दिवसांत सहा बेटे बसविण्याचा मोह होतो, तो आवरावा. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जावयाचे ते नावेने, आणि नाव वाऱ्याच्या मर्जीने चालते. दर्या खवळला की फेऱ्या रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री दूरच्या बेटावर मुक्काम कधीही ठेवू नये. शेवटचा पूर्ण दिवस श्री विजयपुरमसाठीच राखावा. स्वराज द्वीपाच्या राधानगर किनाऱ्यावर दोन निवांत दिवस हे चार किनाऱ्यांवरील चार धावत्या भेटींहून मोलाचे. पाण्यात उतरण्यापूर्वी जीवरक्षकास विचारावे. या बेटांच्या खाडीत खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत, आणि सूचनाफलक शोभेसाठी लावलेले नाहीत. पोवळ्यांवर पाय देऊ नये आणि त्यांचा तुकडाही पिशवीत घालू नये. तो कायद्याने गुन्हा आहे. पोवळे दगडासारखे दिसते, पण तो जिवंत प्राण्यांनी बांधलेला संसार असतो. 2010 साली समुद्राचे पाणी तापल्याने तेथील कितीतरी पोवळी पांढरी पडली. त्यावर आपल्या पायांचा भार नको.

या घरात खरा वाद झाला तो बारातांगच्या सहलीवरून. तेथील चुनखडीच्या गुहा पाहावयास जाणारा रस्ता जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जातो. ठराविक वेळी वाहनांचा तांडा पहाऱ्यात सुटतो. मध्ये थांबणे, छायाचित्रे घेणे, खाऊ देणे यांस बंदी आहे. धाकट्या नातवाने विचारले, “पण आजोबा, वाटेत ते लोक दिसतील ना?” प्रश्न निरागस होता, पण त्या प्रश्नातच सहलीचे उत्तर होते. गुहांचे नाव घेऊन माणसे पाहावयास जावयाचे, हे सुनेला पटेना.

याला इतिहासाचाही आधार आहे. 1858 साली इंग्रजांनी येथे कैद्यांची वसाहत स्थापिली, तेव्हा ग्रेट अंदमानी लोक हजारोंनी होते. बाहेरच्यांबरोबर रोग आले. 1877 साली गोवराच्या साथीने वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. 1961 साली त्यांची संख्या अवघी 19 उरली होती. 1956 सालच्या संरक्षक नियमांमागे हाच अनुभव उभा आहे. आजोबांनी एवढेच म्हटले, “ज्यांनी आपल्याला बोलाविले नाही, त्यांच्या अंगणातून कशाला जावे?” बारातांग यादीतून खोडले गेले. गुहा राहिल्या, पण मनात काही सलले नाही.

उरला तो तुरुंग. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या सेल्युलर जेलच्या मूळच्या सात इमारतींपैकी आज तीन उभ्या आहेत. 1979 साली त्यास राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला. बंगाल, पंजाब, महाराष्ट्र अशा प्रांतोप्रांतीच्या राजबंद्यांनी येथे कोलू ओढला. बाबाराव आणि विनायकराव सावरकर हे बंधू येथेच बंदिवासात होते; ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्या मराठी घरात या भिंती आधीच ओळखीच्या असतात. सर्वांना वाटले, आजोबा पहिल्याच दिवशी तेथे जाण्याचा हट्ट धरतील. मुलाने तशी सोयही केली, जिने चढताना दर मजल्यावर विसावा घेता यावा म्हणून वेळ जास्त ठेवला.

पण आजोबांनी यादी हाती घेऊन तुरुंग शेवटच्या दिवसावर नेला. तो दिवस श्री विजयपुरमसाठी राखलेलाच होता, तेव्हा सोय बिघडली नाही. कारण विचारता ते म्हणाले, “त्या कोठडीला उंचावर एकच झरोका आहे. मुलांना आधी समुद्र पाहू द्या, मनसोक्त भिजू द्या. मग त्या झरोक्याखाली उभे केले, की काय हिरावून घेतले होते ते त्यांना सांगावे लागणार नाही.”

सहलीची आखणी त्या संध्याकाळी पूर्ण झाली. सामान बांधावयाचे तेवढे उरले.