पुराचे पाणी आणि आमची तरुण मुले
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



निमंत्रणास मान देऊन आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचा जन्म २६ जुलै २००५ नंतरचा. त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यास अवघा ७३. मिठीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर तापाचे, विशेषतः लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण येऊ लागले. अशी अतिवृष्टी आता अपवाद राहिलेली नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

आमच्याकडे येणारी मुले वितळत्या हिमनद्यांविषयी उत्तम बोलतात. मात्र, पायाला जखम असताना अंधेरीच्या तुंबलेल्या भुयारी मार्गातून चालत गेल्यास पुढे काय करावे, असे विचारले की गप्प होतात. दोष त्यांचा नाही. हवामानबदल आपण त्यांना भूगोलाच्या पुस्तकातून शिकविला.

उंदरांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि जखमेवाटे शरीरात शिरतात. पाण्यात उतरलेल्याने ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे. त्यांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घेतल्यास आजार बहुधा टळतो. परंतु पुरात दोरी धरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढणारी हीच पोरे असतात, आणि आठवड्याभराने ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तरी दुकानातून तापाची गोळी आणून कामावर जातात. मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्यावर ती आमच्या दारात येतात. “पावसात भिजला होता, एवढेच,” असे वडील सांगतात. अशा काही मुलांना आम्ही वाचवू शकलो नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे. म्हणून हिशेबही मांडतो. गोळ्यांना काही रुपये पुरतात. अतिदक्षता विभाग व डायलिसिसचा खर्च मात्र कुटुंबास कर्जात लोटतो, आणि त्यातील बराचसा भार आपल्या गरीब रुग्ण निधीवर पडतो.

म्हणून मे महिन्यात आमचे डॉक्टर या विद्यार्थ्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण देतील. जूनपासून ते मरोळ व साकीनाक्याच्या चाळींत घरोघर जाऊन सांगतील. त्यांच्यासाठी गमबूट, माहितीपत्रके आणि प्रवासखर्च एवढीच देणगीदारांकडे मागणी आहे. नावे नोंदविण्याची वही प्रवेशद्वाराशी ठेवली आहे.