जीव कधी येतो? एका ताईच्या प्रश्नाचं उत्तर

(महासंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी छापत आहोत.)



आज मी कर्जफेडीवर बोलणार नाही, म्हणून काही जणी खूश झाल्या असतील. पण आजचा विषय त्याहून अवघड आहे. मी तुमच्यातल्या कित्येकींच्या लेकीच्या वयाची. माझ्या तोंडून हा विषय ऐकताना कुणाला संकोच वाटला तर समजून घ्या. मलाही वाटतोय.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका गटाची बैठक संपली, सगळ्या पांगल्या. एक ताई मात्र सतरंजी झटकायच्या निमित्ताने मागे राहिली. हळूच म्हणाली, "ताई, पाळी चुकून पंधरा दिवस झाले. तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. दोन लेकरं आहेत, धाकटं अजून लहान आहे. मला आत्ता हे झेपणार नाही. पण मोबाईलवर एक व्हिडिओ आलाय. त्यात म्हणतात सहाव्या आठवड्यालाच काळीज धडधडतं. मग त्यात जीव असतो ना? काढलं तर मी मारलं असं होतं का?"

मी समाजकार्य शिकलेली मुलगी. कायदा पाठ होता, पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "तुम्ही नीट विचार करा, मग बोलू," असं म्हणून मी गाडी सुरू केली आणि निघून गेले. तिला मदत हवी होती आणि मी तिला एकटीला विचार करायला लावलं. दोन आठवड्यांनी तिने कुणालातरी सांगून दुकानातून गोळ्या मागवल्या, डॉक्टरला न दाखवता घेतल्या. रक्तस्राव थांबेना. शेवटी दवाखान्यात रक्त चढवावं लागलं. ती वाचली. पण तो प्रश्न माझ्या मागे लागला. मग मी वाचलं, डॉक्टरांना विचारलं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगते.

आधी विज्ञान काय म्हणतं ते बघू. बाईचं बीज आणि पुरुषाचं बीज, दोन्ही आधीपासून जिवंतच असतात. ते एकत्र येतात तेव्हा एक नवी पेशी तयार होते. तिच्यात आईचे गुण असतात, बापाचे असतात, आणि ती दोघांपेक्षा वेगळी असते. ही पेशी वाढत वाढत साधारण आठवड्याभराने गर्भाशयाला चिकटते. फलित झालेली कितीतरी बीजं चिकटतच नाहीत, पाळीबरोबर निघून जातात. बाईला कळतही नाही. पहिल्या चौदा दिवसांपर्यंत त्या एका गोळ्याचे दोन होऊन जुळी होऊ शकतात.

सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सोनोग्राफीत धडधड दिसते, हे खरं आहे. पण तेव्हा चार कप्प्यांचं पूर्ण हृदय तयार झालेलं नसतं. एक छोटी नळी असते, तिच्या पेशी आकुंचन पावायला लागलेल्या असतात. आईला पोटातली हालचाल कळते ती चौथ्या-पाचव्या महिन्यात. वेदना जाणवायला मेंदूच्या वरच्या थरापर्यंत जोडण्या व्हाव्या लागतात. त्या साधारण २४ आठवड्यांच्या आसपास होतात, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. वेदना त्याआधीही असू शकते, असं म्हणणारेही आहेत. बाहेर येऊन जगण्याची शक्यताही याच सुमाराला सुरू होते, तीही मोठ्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत. कारण त्याआधी फुफ्फुसं तयार नसतात.

आता यातला कोणता क्षण म्हणजे सुरुवात? काही जण म्हणतात, पहिल्या पेशीपासून, कारण तिथूनच एक वेगळा माणूस घडायला लागतो. काही म्हणतात चौदा दिवसांनंतर, कारण त्याआधी ते एक होणार की दोन हेही ठरलेलं नसतं. काही म्हणतात धडधडीपासून, काही मेंदूपासून, काही आईविना जगू शकेल तेव्हापासून, काही जन्मापासून. हे सगळे शिकलेलेच लोक आहेत. कशाच्या मागून काय घडतं यावर त्यांचं फारसं भांडण नाही. भांडण आहे ते यावर, की त्यातल्या कोणत्या टप्प्याला किती मोल द्यायचं.

आपल्या गटाचंच बघा. वही सांगते बचत किती जमली, कुणाचा हप्ता राहिला. पण कर्ज आधी कुणाला द्यायचं, आजारपणाला की बियाण्याला, हे वही सांगत नाही. ते बैठकीत आपण ठरवतो. विज्ञान त्या वहीसारखं आहे. त्यातला हिशोब खरा असावा लागतो, पण निर्णय वही घेत नाही. म्हणून "विज्ञानाने सिद्ध केलंय, ही हत्याच आहे" असं कुणी म्हटलं किंवा "विज्ञानाने सिद्ध केलंय, तिथे काहीच नसतं" असं कुणी म्हटलं, तर दोघांनीही वहीत नसलेली ओळ वाचलेली असते.

आपल्या आजी-पणजींनाही हे टप्पे ठाऊक होते. सुरुवातीच्या महिन्यांत चोरचोळी, म्हणजे गाजावाजा नाही, कारण टिकेल की नाही सांगता येत नाही. डोहाळजेवण सातव्या महिन्यात, तेव्हा सगळ्या गावाला आमंत्रण. नाव ठेवायचं ते जन्मानंतर बाराव्या दिवशी. त्यांनीही एकच रेघ मारली नव्हती. जसजसं ते वाढेल तसतसं त्याचं नातं घट्ट होत जातं, असं त्यांनी मानलं.

तो व्हिडिओ कुठून आला तेही सांगते. हा वाद अमेरिकेत फार तापलेला आहे. तिथल्या टेक्सास राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून धडधड दिसल्यावर, म्हणजे साधारण सहा आठवड्यांनंतर, गर्भपाताला बंदी आली. आता गंमत बघा. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे सहा आठवडे झाले तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आपल्या त्या ताईचे तेवढेच झाले होते. तिकडच्या कायद्याची भीती इकडे आपल्या बैठकीत येऊन बसली होती.

आपल्याकडे कायदा वेगळा आहे. १९७१ साली तो झाला, २०२१ मध्ये बदलला. जीव कधी सुरू होतो, हे त्यात लिहिलेलं नाही. त्यात आठवडे लिहिले आहेत. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं. बाईच्या शरीराला किंवा मनाला मोठा अपाय होणार असेल, बाळात गंभीर व्यंग असेल, बलात्कारातून दिवस गेले असतील किंवा कुटुंबनियोजनाचं साधन फसलं असेल, तर गर्भपात करता येतो. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि तेही ठरावीक स्त्रियांसाठी. उदाहरणार्थ बलात्कार झालेली, अल्पवयीन, किंवा गरोदरपणात नवरा वारलेली वा घटस्फोट झालेली. २४ च्या पुढे गर्भात गंभीर दोष आहे असं वैद्यकीय मंडळाने सांगितलं तर, किंवा आईचा जीव वाचवायचा असेल तर.

या रेघेचं वजन किती, ते २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. दोन मुलांची एक आई सर्वोच्च न्यायालयात गेली. ती धाकट्याला अंगावर पाजत होती, पाळी येतच नव्हती, म्हणून दिवस गेलेत हे तिला फार उशिरा कळलं. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराची औषधं चालू होती. आधी न्यायालयाने परवानगी दिली. मग डॉक्टरांनी कळवलं की गर्भ जगू शकेल अशा अवस्थेत आहे. तेव्हा दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना. एकीचं म्हणणं, चालू असलेली धडधड थांबवा असं कोर्टाने कसं सांगायचं? दुसरीचं म्हणणं, त्या बाईचा निर्णय मानला पाहिजे. दोघीही स्त्रियाच होत्या, बरं का. शेवटी तिघांच्या पीठाने १६ ऑक्टोबरला परवानगी नाकारली, कारण २६ आठवडे उलटले होते. देशातली सगळ्यात मोठी विद्वान माणसंही या प्रश्नावर अडखळतात. मग त्या ताईला एकटीलाच अपराधी का वाटावं?

म्हणून चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. एक, पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहा. अंगावर पाजत असलात तरी दिवस जाऊ शकतात, शंका आली की तपासा. दोन, वय अठरा पूर्ण असेल तर फक्त तुमची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची, सासूची सही कायद्याने लागत नाही. तुमचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. तीन, गोळ्या फक्त सुरुवातीच्या नऊ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली. गर्भ नळीत राहिला असेल आणि न तपासता गोळ्या घेतल्या, तर जिवावर बेतू शकतं. चार, मुलगी आहे म्हणून पाडणं हा गुन्हा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा वेगळा, हा कायदा वेगळा. दोन्हींची सरमिसळ करून "सगळंच बेकायदा आहे" असं कुणी घाबरवलं तर ऐकू नका.

कुणी ठेवायचं, कुणी नाही, हे मी सांगायला आलेले नाही. एखादी म्हणेल, माझ्या मनाला पटत नाही, मी हे मूल वाढवणार. तिच्या पाठीशी गटाने उभं राहावं. दुसरी म्हणेल, मला शक्य नाही. तिच्याही पाठीशी उभं राहावं. दोघींपैकी कुणालाही अंधारात दुकानाच्या मागच्या दाराने जावं लागू नये, एवढंच माझं मागणं आहे.

ती ताई परवा भेटली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, तेव्हा उत्तर नाही दिलं तरी चाललं असतं. नुसती सोबत आली असतीस तर बरं झालं असतं."

आता पुढच्या वेळी कुणी मागे थांबून सतरंजी झटकायला लागली, तर मी गाडी सुरू करणार नाही. तुम्हीही करू नका.