रांझ्याचा निवाडा



निगडीच्या उद्यानात शिवाजी महाराज व संत तुकाराम यांच्या भेटीचे ‘भक्ती-शक्ती’ शिल्प उभे आहे. शक्तीस शीलाची जोड हवी, हा त्याचा बोध होय.

स्वराज्याचा आरंभ याच बोधाने झाला. १६४६ च्या जानेवारीतील एका पत्रानुसार रांझे गावचा पाटील बावाजी गुजर याच्याकडून ‘बदअमल’ घडला. तो स्त्रीवरील अत्याचार होता, असे परंपरेने सांगितले जाते. पाटील म्हणजे गावचा वतनदार. त्याच्याविरुद्ध दाद कोणाकडे मागावी? महाराजांनी त्यास समोर आणवून चौकशी केली. अपराध खरा ठरताच त्याचे हातपाय तोडविले व पाटीलकी काढून घेतली. १६३० साली जन्मलेल्या महाराजांना तेव्हा सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. राज्याभिषेक झाला १६७४ साली. म्हणजे सिंहासनाआधी अठ्ठावीस वर्षे न्याय आला.

शिक्षा त्या काळची होती; तत्त्व मात्र आजचेही आहे. स्त्रियांच्या प्रतिष्ठेस बाधक प्रथांचा त्याग करणे, हे १९७६ पासून राज्यघटनेतील एक मूलभूत कर्तव्य आहे. वर्गात गडकोटांच्या लढाया अवश्य सांगाव्यात. परंतु रांझ्याचा निवाडा त्यांच्या आधी सांगावा. दुर्बळाची दाद जेथे लागते, तेथेच राज्य आपले वाटते.