जुना कॅमेरा: घ्यावा कसा, जपावा कसा



मागच्या महिन्यात आपण घरातल्या जुन्या फोटोंवर बोललो. त्यानंतर केंद्रावर जे फोन आले, त्यातले बरेचसे फोटोंबद्दल नव्हतेच, कॅमेऱ्यांबद्दल होते. एकीच्या माळ्यावर सासऱ्यांचा याशिका निघालाय आणि भंगारवाला त्याचे पन्नास रुपये देतोय. दुसरीच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीला रोलचा कॅमेरा शिकायचाय. बाजारात कुणी दीड हजार सांगतं, तर तशाच दिसणाऱ्या कॅमेऱ्याचे कुणी पंधरा हजार. दोघींना हवंय ते एकच. ही वस्तू अजून चालण्याजोगी आहे का, हे दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता आपलं आपल्याला कळायला हवं.

एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढे मी इतकी खबरदारी का सांगते ते कळेल. या कॅमेऱ्यांचे सुटे भाग आता बनत नाहीत. एक दुरुस्त करायचा तर मिस्त्री त्याच जातीचा दुसरा, बंद पडलेला कॅमेरा उघडतो आणि त्यातला स्क्रू, त्यातली स्प्रिंग काढून याला लावतो. असे मिस्त्रीही आता थोडेच उरलेत, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरं त्याहून कमी. त्यामुळे हौसेने घरी खोलून बिघडवलेला कॅमेरा बहुतेक वेळा परत येत नाही.

जुना कॅमेरा हातात आला की सगळ्यांचा हात पहिल्यांदा मागचं झाकण उघडायला जातो. ते उघडू नका. आत रोल असू शकतो. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्याला वर डाव्या हाताला रोल गुंडाळायची छोटी कळ असते. ती बाणाच्या दिशेने अगदी हलके फिरवून बघा. सैल फिरली तर बहुधा आत काही नाही. ओढ लागली तर रोल आहे. मग खालचं छोटं बटण दाबून, ओढ संपेपर्यंत सावकाश गुंडाळा आणि तेव्हाच झाकण उघडा. चुकून उघडलंच, तर घाबरून रोल ओढून काढू नका. झटकन बंद करा. वरचे फेरे जातात, आतले वाचू शकतात.

आमच्याच भागातल्या एका बाईंनी दिवंगत भावाचा कॅमेरा विकायला काढला होता. आकडा बाविसावर थांबलेला. रोल ब्लॅक अँड व्हाइट होता, धुतल्यावर बराचसा धुरकट निघाला. पण सात-आठ फोटोंत माणसं ओळखू येत होती. त्यांची आई एकात तुळशीपाशी उभी होती. आईचा तेवढ्या वयातला दुसरा फोटो घरात नव्हता. कॅमेरा त्यांनी नंतर विकला, त्याचं मला काही वाटलं नाही. ब्लॅक अँड व्हाइट रोल असा वर्षानुवर्षं तग धरतो. कलरचा भरवसा कमी. आणि रोलवर ‘कोडाक्रोम’ लिहिलेलं असेल, तर त्याची रंगीत धुलाई जगात 2010 च्या अखेरीपासून बंद झाली आहे. तो फक्त ब्लॅक अँड व्हाइट म्हणून धुता येतो.

आता विकत घेण्याबद्दल. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट आहे. जाताना दोन वस्तू न्या: एक छोटी टॉर्च आणि कानांची तयारी. टॉर्च भिंगातून आरपार, जराशी तिरकी मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. दुकानदार म्हणेल, “ताई, धूळ आहे, पुसली की जाईल.” धुळीला फांद्या फुटत नाहीत. ही बुरशी काचेवर आम्ल सोडते आणि तिच्यावरचा लेप खाते. मिस्त्री भिंग सुटं करून ती पुसतो, पण जिथे काच खाल्ली गेली तिथला डाग राहतो. कडेला एखादा धागा असेल तर फोटोत फारसा दिसत नाही, त्यासाठी किंमत पाडून घ्या. मधोमध पसरली असेल तर सरळ परत ठेवा. थोडी धूळ, एखादा बारीक ओरखडा, यांचा मात्र उगाच बाऊ करू नका.

बुरशी येते कुठून? तर आपल्या पावसाळ्यातून, आणि त्या सुंदर चामडी पेटीतून, जिच्यात सगळे कॅमेरा जपून ठेवतात. चामडं ओल धरतं. पेटीला अंधार, ओल आणि बंद हवा तिन्ही मिळतात. लोणच्याला बुरा येतो तसाच प्रकार. पेटी हवी तर आठवण म्हणून वेगळी ठेवा. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. रंग बदलणारे खडे मिळतात, रंग पालटला की तापवून पुन्हा वापरता येतात, फक्त त्यासाठी स्वयंपाकाची कढई घेऊ नका. काही जणी तांदळात पुरून ठेवतात. त्याची भुकटी आत जाते, नको. साड्यांतल्या डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी बाहेर काढा, चार वेळा शटर दाबा.

शटर कानाने तपासायचं. वेग एक सेकंदावर ठेवून दाबा आणि मनात ‘एक हजार एक’ म्हणा. तेवढ्यात बंद व्हायला हवं. आतलं जुनं ग्रीस घट्ट झालं की सगळ्यात आधी हे सावकाश वेग अडखळतात. शटर कुंथतं किंवा उघडंच राहतं. काही कॅमेऱ्यांत एक सेकंदच नसतो. रशियन झेनिट ई हा त्यातला, तिथे तिसाव्या भागापासून सुरुवात. मग झाकण उघडून पांढऱ्या भिंतीकडे धरा आणि प्रत्येक वेगावर डोळ्याने बघा. कापडी पडदा असेल तर त्याला बारीक भोकं आहेत का, हेही तिथेच टॉर्चने दिसतं.

आणि आता हात जोडून सांगते: शटर अडकलंय म्हणून शिवणयंत्राचं तेल घालू नका. आपल्या सगळ्यांच्या घरी ती बाटली असते आणि मोह होतोच. पण भिंगातल्या शटरच्या पातळ पाकळ्या कोरड्याच चालायच्या असतात. एक थेंब पडला की त्या ओल्या पानांसारख्या एकमेकींना चिकटतात. हे काम मिस्त्रीचं.

मग आपलं काम कोणतं? भरपूर आहे. सगळ्यात समाधानाचं म्हणजे झाकणाच्या कडेचा फोम बदलणं. प्रकाश आत शिरू नये म्हणून तिथे काळी फोमची पट्टी असते. तिचं वर्षांनी डांबर होतं, बोटाला चिकटतं. जपानी कॅमेऱ्यांत हे ठरलेलंच. स्पिरिट लावलेल्या टूथपिकने ते सावकाश खरवडून काढा, कॅमेरा आडवा धरून, म्हणजे चुरा शटरच्या पडद्यावर पडणार नाही. मग त्या खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवा. स्वेटर विणून उरलेली लोकर चालते, फक्त केस सुटणारी नको. थोडा गोंद, दोन टोकांना. लोकर हा काही माझाच जुगाड नव्हे, कॅमेरे जपणारे लोक जगभर हे करतात. आतल्या आरशाला मात्र बोट लावायचं नाही. त्याची कल्हई काचेच्या वरच्या बाजूला असते, पुसायला गेलात तर निघून येते.

बॅटरीच्या खणात हिरवट-पांढरी खार धरली असेल तर कापसाच्या काडीला पांढरं व्हिनेगर लावून पुसा, मग स्पिरिटने. बरेच जुने कॅमेरे पाऱ्याच्या 1.35 व्होल्टच्या सेलवर चालायचे, ते सेल आता मिळत नाहीत. साधा दीड व्होल्टचा घातला तर उजेडाचं माप चुकीचं येतं. म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्या मुलीसाठी मी बॅटरीविना शटर चालणारा कॅमेरा सुचवते: पेंटॅक्स के 1000, निकॉन एफएम 10, किंवा जड असला तरी झेनिट. बॅटरी संपली तरी फोटो निघतो.

घरात हमखास सापडणारा आणखी एक कॅमेरा म्हणजे आगफा क्लिक थ्री. आपल्याकडचा क्लिक थ्री बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनायचा. त्यात बिघडण्यासारखं फारसं नाही, आणि त्याचा 120 नंबरचा रोल आजही मिळतो, एका रोलवर बारा चौकोनी फोटो. हे रोलचं आधी विचारून घ्याच. 127 किंवा 620 नंबरचा कॅमेरा कितीही देखणा असला तरी रोलसाठी वणवण होईल.

बडोदा म्हटलं की मला होमाई व्यारावाला आठवतात. 1913 साली नवसारीत जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. शेवटची अनेक वर्षं त्या बडोद्यातच राहिल्या. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. साडी नेसून, रोलायफ्लेक्स छातीशी धरून, मान खाली घालून त्या फोटो टिपत. सुरुवातीचे त्यांचे फोटो मात्र छापून आले ते पती माणेकशांच्या नावाने. आपल्या घरांतही कॅमेरा ‘यांचा’ असतो आणि आपण समोर उभ्या. तेव्हा माळ्यावरचा कॅमेरा लेकीच्या हाती जाणार असेल, तर शोकेसपेक्षा मला ते जास्त आवडेल.

शोकेसवरून आठवलं. रंग खरवडून, पितळ चकचकीत करून ‘अँटिक’ म्हणून विकलेल्या कॅमेऱ्याच्या वाटेला जाऊ नका. सोनेरी, जर्मन चिन्हं कोरलेला लायका स्वस्तात मिळतोय असं कुणी म्हणालं, तर तो बहुतेक वेळा सोव्हिएत फेड किंवा झोर्की असतो, वेश बदललेला. चालतही असेल, पण फेडच्या भावात घ्या.

खर्चाचंही बोलू. कलरचा एक रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून हजार रुपये पुरत नाहीत. दुरुस्तीचा खर्च मिस्त्रीला आधी विचारून, कॅमेऱ्याच्या किमतीत मिळवून मगच घासाघीस करा. पहिला रोल लग्नकार्याला वापरू नका. अंगणात, वेगवेगळ्या वेगांवर काढा आणि प्रत्येक फोटोपुढे वेग वहीत लिहून ठेवा. मिस्त्रीला ती वही दाखवली की कोणता वेग चुकतोय ते त्याला पटकन समजतं. आणि रोल धुवायला देताना काउंटरवरच सांगा, निगेटिव्ह परत हवी आहे. काही ठिकाणी स्कॅन मोबाइलवर पाठवतात आणि न्यायला कुणी येत नाही म्हणून निगेटिव्ह टाकून देतात.