गळकी खिडकी

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींस किंचित हसू येईल. विषय आहे गळकी खिडकी. त्यातून बोलणारा मनुष्य जामखेडचा. म्हणजे ज्या तालुक्यात पावसाची वाट पाहण्यातच वर्षाचा पुष्कळसा भाग जातो, तेथला. परंतु आमच्याकडील पाऊस थोडा असला तरी सौम्य नसतो. तो बहुधा भाद्रपद-आश्विनात, सोसाट्याच्या वाऱ्यासह व विजांच्या कडकडाटात येतो आणि आडवा झोडपतो. उन्हाने वाळून आक्रसलेली चौकट तो घटकाभरात चिंब करून सोडतो. तेव्हा गळक्या खिडकीचे शास्त्र शिकण्यास आमचे गाव ही काही वाईट शाळा नव्हे.

आमच्याकडील जुनी घरे माळवदाची. भिंतीस बाहेरून दगड, आत पांढरीची माती. वर तुळया, फळ्या आणि मातीचा जाड थर. अशा घरात खिडकीवाटे आलेले पाणी जमिनीवर ओघळले, तर ते फडक्याने टिपता येते. त्याचे भय नाही. भय आहे ते न दिसणाऱ्या पाण्याचे. ते चौकटीच्या पाठीमागून भिंतीच्या पोटात उतरते. तेथील माती फुगते व तिचा जोर जातो. चौकटीवरील आडवे लाकूड कुजते. ओलीच्या वासावर वाळवी येते. पावसाळ्यात मातीची भिंत रात्री निजलेल्या माणसांवर कोसळल्याची बातमी आपण दरसाल वाचतो. अशा प्रत्येक भिंतीचा दोष खिडकीचा असतो असे नव्हे. परंतु भिंतीत पाणी शिरण्याच्या ज्या थोड्या वाटा आहेत, त्यांत खिडकी ही एक मोठी वाट होय.

या विद्येचे खरे जाणते समुद्रकाठी भेटतात. कारण घरात पाणी येणे ही अडचण असते, तर नौकेत पाणी येणे हे संकट असते. कोकणातील सुतार गलबताच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून बसवीत आणि त्यावर राळ व तेल यांचा लेप देत. दगडासारखा टणक पदार्थ त्यांनी वापरला नाही, यात मोठे शहाणपण होते. फळी हलणार, फुगणार, आक्रसणार. तेव्हा सांध्यानेही तिच्याबरोबर थोडे हलले पाहिजे, हे त्यांस ठाऊक होते. अलीकडच्या नौका निराळ्या रीतीने बांधतात. दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली ज्या ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. लाकडी पट्ट्यांचे अंग आणि त्यावर काचतंतूचे आवरण, अशी तिची घडण आहे. अशा घडणीत आतल्या लाकडास पाणी लागू न देणे, हेच नौकेच्या आयुष्याचे मर्म असते.

शिडाच्या जुन्या नौकांचे दुखणे पुष्कळदा केबिनच्या खिडकीपासून सुरू होते. तेथे काचेऐवजी बहुधा अॅक्रिलिकचे पारदर्शक तावदान असते व ते अॅल्युमिनियमच्या चौकटीत बसविलेले असते. दोहोंमधील मऊ भरण काही वर्षांनी उन्हाने कडक होते, त्यास चिरा पडतात व पाणी आत शिरते. मात्र ते लागलीच दिसत नाही. आतील अस्तराच्या मागून वाहत जाऊन ते चार-सहा हात दूर बिछान्यावर ठिबकते. मालक जेथे ठिबकते तेथे शोध घेतो. काही सापडले नाही म्हणजे खिडकीच्या कडेने बाहेरून सिलिकोनची रेघ ओढतो आणि निश्चिंत होतो. पुढल्या पावसात पाणी पुन्हा हजर!

असे का व्हावे? कारणे तीन आहेत. पहिले, ही रेघ धूळ, शेवाळ व जुन्या भरणाचे अवशेष यांवर चिकटते. मूळ पृष्ठास तिचा स्पर्शही होत नाही. दुसरे, आत शिरलेले पाणी आतच कोंडले जाते आणि लाकूड अधिकच वेगाने कुजते. तिसरे कारण उष्णतेचे. तापमानात ३० अंश सेल्सियसचा फरक पडला, तर एक मीटर लांबीची काच सुमारे पाव मिलिमीटर वाढते, अॅल्युमिनियम सुमारे पाऊण मिलिमीटर आणि अॅक्रिलिक तर सुमारे दोन मिलिमीटर. हे ताणणे-आक्रसणे रोज चालते. कागदाएवढी पातळ रेघ ते कोठवर सोसणार?

म्हणून जाणता कारागीर खिडकी सरळ काढून घेतो. जुने भरण खरवडून टाकतो. विशेषतः सिलिकोनचा अंशही ठेवीत नाही, कारण त्यावर दुसरे काही नीट चिकटत नाही, रंगदेखील नाही. कुजलेले लाकूड कापून काढतो, उरलेले पुरते वाळू देतो, आणि मग नवे भरण सढळ हाताने घालून खिडकी बसवितो. स्क्रू मात्र आवळून टाकीत नाही. भरणाचा दोन-तीन मिलिमीटर जाड थर मध्ये राहील इतकेच दाबतो. सारे भरण पिळून बाहेर काढले, तर सांध्यात उरते काय? तावदानास बारीक चिरांचे जाळे पडले असेल, तर ते बदलावेच. आणि नव्या अॅक्रिलिकला स्पिरिट वा अॅसिटोन कधी लावू नये, त्याने तशाच चिरा पडतात.

आता हीच रीत घरी कशी आणावी ते पाहू. प्रथम चोर कोठून शिरतो हे शोधावे. आमच्या गल्लीत एका वृद्ध बाईंच्या वाड्याची भिंत दर पावसाळ्यात खिडकीखाली ओली होई. गवंड्याने पाहून सांगितले, “काकू, ही भिंत उतरवावी लागेल.” मुलगा पुण्यास असतो, त्याच्या मनात तर सारा वाडाच विकावयाचा आला. मी काकूंस म्हटले, “भिंत पाडण्याआधी तिची परीक्षा तर घेऊ.” खिडकीच्या आतील कडेने कोरड्या रांगोळीची पातळ रेघ घातली. बाहेरून एकाने प्रथम खालच्या कडेवर दहा मिनिटे संथ पाणी सोडले, मग बाजूंवर, शेवटी वर. खालून व बाजूंनी रांगोळी कोरडी राहिली. वर पाणी सोडताच मात्र डाव्या कोपऱ्यात ती काळवंडली. वाट होती चौकटीच्या डोक्यावरील भेगेत, आणि ओल दिसत होती तीन हात खाली! तीन दिवसांच्या कामाने ती भिंत वाचली आणि वाड्याच्या विक्रीचा विषय मागे पडला. परीक्षा नेहमी खालून वर करावी. वरून आरंभ केल्यास ओघळणारे पाणी सर्वच जागा भिजविते व काहीच कळत नाही.

दुरुस्तीचे काम कोरड्या दिवसांत, म्हणजे माघापासून वैशाखापर्यंत करावे. चौकट आणि मातीची भिंत यांमधील भेग सिमेंटने भरू नये. सिमेंट कडक असल्याने लाकडापासून सुटते, आणि भिंतीतील ओल बाहेर पडू देत नाही. तेथे चुना व वाळू यांचा गारा उत्तम. खिडकीवर छज्जा असल्यास त्याच्या खालच्या अंगास, कडेपासून बोटभर आत, एक सरळ खाच असावी. म्हणजे पाणी खालून सरपटत भिंतीकडे न येता तेथेच थेंबाथेंबाने गळून पडते. खालच्या पाटास बाहेरच्या बाजूस उतार हवा.

तावदानाभोवतीची लांबी सुटली असेल, तर ती सारी काढावी. नवी लांबी घरीही होते: खडूची बारीक वस्त्रगाळ पूड आणि जवसाचे कच्चे तेल कणकेसारखे मळावे. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच हे जवस. मात्र लांबी भरण्यापूर्वी लाकडाच्या खाचेस तेलाचा वा रंगाचा एक हात अवश्य द्यावा. नाहीतर तहानलेले लाकूड लांबीतील तेल शोषून घेते व ती वाळून तडकते. आठ-पंधरा दिवसांनी तिच्यावर साय धरली म्हणजे रंग द्यावा, आणि तो रंग काचेवर दोरा-दोन दोरे चढवावा. त्यामुळे काच व लांबी यांमधील फट झाकली जाते.

शहरातील सदनिकांत राहणाऱ्या श्रोत्यांस वाटेल, आमच्या सरकत्या खिडक्यांचे काय? त्यांच्या खालच्या पन्हळीत पाऊस येणारच, हे धरूनच ती बनविलेली असते. पाणी बाहेर जावे म्हणून तिला बाहेरच्या अंगास लहान छिद्रे ठेवतात. ती धुळीने बुजतात. कित्येकदा तर हीच गळती समजून कोणी उत्साही मनुष्य ती सिलिकोनने बंद करतो. मग पन्हळ भरते व पाणी दिवाणखान्यात उतरते. मृगापूर्वी एकदा काडी घालून ही छिद्रे मोकळी करावी आणि तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जाते की नाही हे पाहावे. कित्येक घरांत एवढ्यानेच काम होईल.

सारांश, घर असो वा नौका, ओल जेथे दिसते तेथे तिचे मूळ असतेच असे नाही, आणि नादुरुस्त सांधा वरून लिंपून दुरुस्त होत नाही. तो उघडावा, स्वच्छ करावा, वाळू द्यावा आणि हलण्यास थोडी जागा ठेवून पुन्हा बसवावा. यास लागणारे तीन-चार दिवस आपणांस जड वाटतात, म्हणून आपण रेघेवर रेघ ओढीत राहतो; आणि एके वर्षी गवंडी येऊन भिंत उतरवावयास सांगतो. ज्यांच्या घरी जुनी खिडकी आहे, त्यांनी या उन्हाळ्यात चिमूटभर रांगोळी व घागरभर पाणी यासाठी खर्चावे, एवढीच विनंती.